नाडी सापडत नाही

भोपळ्याची नाडी मिनिटाला शहात्तर पडत होती.

वर्षाराणीनं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. आईनं सकाळी वेलावरून काढून दिलेला दुधी भोपळा तिच्या मांडीवर आडवा होता. त्याच्या निमुळत्या मानेवर तिनं काळ्या पट्ट्याचं स्मार्टवॉच आवळून बांधलं होतं आणि त्या घड्याळाच्या काचेवर लाल बदाम उघडमीट करत होता. शहात्तर... सत्त्याहत्तर... तेवढ्यात कंधार-नांदेड एसटी एका खड्ड्यात आदळली आणि आकडा एकदम एकशे चारवर गेला.

"बाप्पा!" शेजारून आवाज आला. "घाबरला वाटतं!"

तिनं मान वळवली. खिडकीपाशी मघापासून पेंगत बसलेला तरुण आता डोळे विस्फारून भोपळ्याकडे बघत होता. उन्हानं रापलेला चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, तळहातांना घट्टे. झोप पार उडाली होती त्याची.

"कोण घाबरला?" तिनं हसू दाबत विचारलं.

"भोपळा! मॅडम, खरं सांगा, ह्याच्यात जीव हाय का काय? मी आत्ताच बहिणीकडं भोपळ्याची भाजी खाऊन निघालोय हो... दोनदा मागून घेतली!"

वर्षाराणी खळखळून हसली. मग तिनं सांगितलं — ती नांदेडच्या एका कॉलेजात संशोधन करते, हातातली ही घड्याळं शरीरातलं खरं किती सांगतात आणि खोटं किती, याचं. घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकतं, परत येणारा उजेड मोजतं आणि त्यातल्या चढउताराला ठोका समजतं. खाली मनगट आहे की भोपळा, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. एसटी हलते, उजेड हलतो, घड्याळाला वाटतं — नाडी सापडली!

"म्हंजे माझं बी असंच?" त्यानं आपलं मनगट पुढं केलं. मग विश्वास बसेना म्हणून घड्याळ सोडून पुढच्या सीटच्या दांडीला बांधलं. थोडा वेळ काहीच नाही. मग बदाम उमटला. ब्याऐंशी.

तो दांडीकडे बघतच राहिला. "दोन वर्षं झाली... रोज सकाळी हे बघून आईला सांगतो, तब्येत फर्स्टक्लास हाय म्हणून!"

मागच्या सीटवरची माणसं उठून बघायला आली. कंडक्टरही आला. त्यानं भोपळ्याकडे पाहिलं, बदामाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "जिवंत हाय म्हणता? मग ह्याचं तिकीट कुणी काढायचं?"

सगळी एसटी हसली. बाहेर श्रावणातली भुरभुर सुरू झाली होती, खिडकीची काच अर्धीच लागत होती आणि तिच्या बाजूला थेंब येऊ नयेत म्हणून तो पोरगा आपला खांदा त्या फटीला लावून बसला होता. वर्षाराणीच्या ते उशिरा लक्षात आलं. शर्टाची एक बाही पार भिजली होती त्याची... आणि तो त्याबद्दल काही बोलला नव्हता.

त्याचं नाव हरिओम. गाव किल्लारी. वीज खात्यात लाईनमन. कंधारला बहीण दिलेली, तिला भेटून, नांदेडला खात्याचं काम उरकून परत जाणार होता.

"मला माणसं हवी आहेत," नांदेड जवळ आल्यावर ती म्हणाली. "म्हणजे... चाचणीसाठी. चार घड्याळं बांधून पळायचं असतं."

"मला पळता येत न्हाई मॅडम. मी चढणारा माणूस." त्यानं बोटानं खांब दाखवला. मग हळूच विचारलं, "भोपळ्याच्या जागी बसायचं म्हणा की?"

"हो. पण भोपळा गप्प बसतो. तुम्हाला जमेल?"

"लई अवघड हाय..." तो म्हणाला. "पण तुम्ही सांगून राहिल्या तर बघतो."

*

तो खरंच येईल असं तिला वाटलं नव्हतं. किल्लारीहून लातूर, लातूरहून नांदेड, सगळा दिवस मोडायचा, तोही एका अनोळखी मुलीच्या घड्याळांसाठी. पण पुढच्या रविवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर पायरीवर हा बसलेला. केस पाण्यानं चापून बसवलेले, हातात लातूरच्या पेढ्यांचा पुडा.

"पळायचं म्हणून ताकदीचं काहीतरी आणलं," तो म्हणाला.

तिनं त्याला खुर्चीवर बसवलं. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधली, आणि खरं-खोटं ताडून बघायला ईसीजीच्या मशीनचे चिमटे हातापायांना लावायला घेतले. हे काम तिनं शंभरदा केलं होतं. पण आज चिमटा लावताना तिची वेणी खांद्यावरून पुढं आली आणि त्याच्या हातावर टेकली. टेकली, इतकंच.

मशीन टकटकायला लागली. पडद्यावरच्या रेघा एकमेकींवर चढायला लागल्या. वर्षाराणीनं आकडा पाहिला, दचकली. एकशे एकवीस!

"तुम्ही धावत आलात का पायऱ्या?"

"न्हाई. तासभर झाला बसून."

"मग हे काय?" तिनं घड्याळ पाहिलं. घड्याळ निवांत होतं. चौऱ्याहत्तर.

हरिओमनं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम... घड्याळच चांगलं हाय. गप तरी बसतं. ही तुमची मशीन लई चहाडखोर दिसती."

तिला कळलं. कळून तिनं न कळल्यासारखं केलं आणि पाठ फिरवून चिमट्यांची वायर सोडवत बसली, जी मुळात गुंतलीच नव्हती.

त्यानंतर फोन सुरू झाले. तो संध्याकाळी काम संपलं की करायचा. कुठल्या खांबावर चिमणीनं घरटं बांधलंय, कुठल्या म्हातारीनं लाईट आल्यावर त्याला गूळ-शेंगदाणे दिले, असं काहीबाही सांगायचा. ती सांगायची, आज कोणतं घड्याळ कसं चुकलं. सायकल चालवताना पावलंच मोजत नाही. हातावर गोंदण असलं की ठोके गाळतं. खुर्चीत बसून जपमाळ ओढली तर चालायला गेलात म्हणतं. तो प्रत्येक वेळी "काय सांगता!" म्हणायचा, आणि त्याचं ते "काय सांगता" ऐकायला ती दिवसभर घड्याळांच्या चुका गोळा करून ठेवायची.

पण त्यापुढे तो कधी गेला नाही. एक शब्द नाही. फोन ठेवताना नेहमीचं तेच, "बरं मॅडम, ठेवू?" वर्षाराणीला वाटायचं, मशीननं पाहिलं ते काय होतं मग? का तेही चुकलं?

सप्टेंबरात त्यानं नवं घड्याळ घेतलं. महागाचं. माणूस उंचावरून पडला तर आपोआप कुणालातरी निरोप पाठवणारं. मोठ्या कौतुकानं त्यानं तिला फोटो पाठवला. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

"ह्याचं काय करणार तुम्ही?" तिनं फोनवर विचारलं. "दोन महिने मी काय सांगतेय? ते घड्याळ पडायच्या आधी हात धरणार आहे का तुमचा? तेवढ्या पैशात चांगला बेल्ट आला असता! खांबावर चढताना बेल्ट लावता का रोज?"

"लावतो की... बहुतेक."

"बहुतेक?"

"मॅडम, तुम्ही चिडून का राहिल्या? माझ्या जिवाला काय झालं तर तुम्हाला काय..." तो अडखळला. त्याला म्हणायचं होतं भलतंच आणि बाहेर आलं भलतंच. तिनं फोन ठेवून दिला. त्यानं दुसऱ्या दिवशी केला, तिनं उचलला नाही. मग त्यानंही केला नाही. आठवडा गेला.

*

लातूरच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. वर्षाराणीला पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात बोलायचं होतं. पुढच्या रांगेत तिचे मार्गदर्शक गुरुपादप्पा सर बसले होते, उदगीरचे, पांढऱ्या मिशांचे, विद्यार्थ्यांवर जीव टाकणारे. नांदेडहून सरांच्या गाडीतूनच दोघं सकाळी आली होती. रात्री वादळ होऊन गेलं होतं. रस्त्याकडेला मोडलेल्या फांद्या पडल्या होत्या. त्या बघताना तिच्या मनात येऊन गेलं, किल्लारीकडेही झालं असेल का? तिनं तो विचार बाजूला ढकलला होता.

तिनं भोपळ्याचा फोटो दाखवला. सभागृह हसलं. तिला धीर आला.

"घड्याळ दोन तऱ्हेनं चुकतं," ती सांगू लागली. "एक, जिथं नाडी नाही तिथं दाखवतं. दोन, जिथं आहे तिथं दाखवत नाही. पट्टा सैल झाला, मनगट ओलं असलं, घड्याळ हातातून निसटलं की ते म्हणतं नाडी नाही. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, घड्याळाचा निरोप आला म्हणून घाबरून..."

टेबलावर ठेवलेला तिचा फोन थरथरला. वेळ बघायला तिनं तो समोर ठेवला होता. नजर आपसूक गेली.

*हरिओम जोरात पडले आहेत. हालचाल नाही. नाडी सापडत नाही. तुम्ही त्यांचा आपत्कालीन संपर्क आहात.*

खाली जागेचा नकाशा. किल्लारीबाहेर, शेतात, एक लाल ठिपका.

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. काहींना वाटलं, हाही भाषणाचाच भाग असेल. तिनं माईकवरून हात काढला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून सरळ सरांपुढं येऊन उभी राहिली.

"सर, मला जायला पाहिजे."

"आता? कुठं?"

तिनं फोन पुढं केला. सरांनी चष्मा वर करून वाचलं. "अगं... आत्ता तूच काय सांगत होतीस? ह्या निरोपांवर..."

"हो सर. चुकीचाच असणार. दहातले नऊ चुकीचेच असतात. मलाच तर माहीत आहे."

"मग?"

"दहावा असला तर?"

सरांनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी मागं वळून शेवटच्या रांगेतल्या ड्रायव्हरला हाक मारली. "केरबा! गाडी काढ. पोरीला किल्लारीला ने. आणि जपून ने."

*

औसा मागं पडलं तरी ती नंबर लावतच होती. हरिओमचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. तिनं अँब्युलन्सला फोन करून नकाशा पाठवला, माणूस खांबावरून पडलाय म्हणून सांगितलं. पलीकडची बाई विचारत होती, "पेशंट शुद्धीवर आहे का?" आणि हिला एवढंच म्हणता येत होतं, "माहीत नाही हो... नाडी सापडत नाही म्हणतंय."

ती स्वतःलाच समजावत होती. पट्टा सैल झाला असेल. हात ओला असेल. पण डोळ्यांपुढं येत होता तो वादळानं कललेला खांब, ओल्या तारा, आणि ते "बहुतेक". बेल्ट लावतो, बहुतेक. आपण फोन उचलला असता तर? पुन्हा एकदा भांडून का होईना, बेल्ट लाव म्हणून सांगितलं असतं तर?

आणि मग निरोपाचं शेवटचं वाक्य तिला खऱ्या अर्थानं दिसलं. तुम्ही त्यांचा आपत्कालीन संपर्क आहात.

मी?

आई आहे त्याला. बहीण आहे, भावजी आहेत, खात्यातले सोबती आहेत. जीव जायची वेळ आली तर सगळ्यात आधी कुणाला कळवायचं, तिथं ह्या माणसानं माझा नंबर टाकला? एक शब्द न बोलता? ज्या शब्दाची दोन महिने वाट पाहिली तो असा यावा, आणि अशा निरोपातून...

"ताई," केरबा समोर बघतच म्हणाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. "कोण लागतेत ते तुमचे?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. केरबानं गाडीचा वेग तेवढा वाढवला.

किल्लारीच्या अलीकडे, पिवळ्या पडत आलेल्या सोयाबीनच्या कडेला, लांबूनच तिला दिसला तो फिरता लाल-निळा दिवा. अँब्युलन्स. भोवती ही गर्दी. बायका तोंडाला पदर लावून उभ्या.

म्हणजे दहावा.

गाडी थांबायच्या आत ती उतरली. काळ्या मातीचा चिखल चपलांना धरून बसला, तिनं चपला तिथंच सोडल्या आणि अनवाणी बांधावरून पळत सुटली. गर्दीनं वाट दिली. पांढरा कोट दिसला, स्ट्रेचर दिसलं, आणि...

स्ट्रेचर रिकामं होतं.

अँब्युलन्सच्या मागच्या पायरीवर हरिओम बसला होता. एका दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

"डॉक्टरसाहेब, कितींदा सांगू?" तो कळवळून बोलत होता. "मी पडलोच न्हाई! माझी पिशवी पडली, पिशवी! घड्याळ हातात घालून तारेजवळ जात न्हाईत म्हणून पिशवीच्या बंदाला बांधलं होतं. गाठ सुटली अन् गेली पिशवी खाली!"

"ते असू द्या," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "आम्हाला फोन आलाय, माणूस पडला, नाडी नाही. नीट तपासल्याशिवाय कसं सोडू?"

"पिशवीला कुठून नाडी आसंल! कुणी केला पण फोन? कोण असं येडं..."

त्याची नजर तिच्यावर गेली. ग्लास कलला, चहा पँटवर सांडला, चटका बसला तरी तो जागचा हलला नाही.

"मॅडम...? तुम्ही? हितं?"

वर्षाराणी चार पावलं पुढं आली, तिनं त्याचं मनगट धरलं आणि तीन बोटं नाडीवर ठेवली. शेताची मालकीण चतुराबाई, जिनं चहा करून आणला होता, ती हनुवटीला हात लावून म्हणाली, "आगं बया... भर बांधावर हात धरला की पोरीनं!"

"मॅडम, मी बरा हाय..."

"बोलू नको." पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "मोजू दे."

पण मोजता येईना. नाडी लागत होती, चांगली दणदणीत लागत होती, पण तिची बोटंच इतकी कापत होती की दहाच्या पुढं आकडा जाईना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा विसरली. तिसऱ्यांदा तिनं मोजणं सोडून दिलं. हात मात्र सोडला नाही.

डॉक्टरनं पट्टा काढला. "यांचं सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्हीच जरा बसा खाली. तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय."

*

अँब्युलन्स गेली. गर्दी मात्र जाईना, तेव्हा चतुराबाईनंच "चला गं, इथं काय तमाशा हाय का?" म्हणून सगळ्यांना हाकललं आणि स्वतः चार हातांवर जाऊन गवत उपटत बसली, कान इकडे ठेवून.

तो खांबाला टेकून उभा होता, ती बांधावर बसलेली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"फोन का बंद होता?" तिनं विचारलं.

"वादळात लाईन गेली. काल सांजंपासून गावात लाईटच न्हाई. चार्ज कुठून करू? गाडीच्या डिकीत होता फोन. तुम्हाला तेवढा निरोप पाठवला अन् मेला, वाटतं."

"बेल्ट?"

त्यानं शर्ट वर केला. कंबरेला नवाकोरा बेल्ट होता. "तुम्ही फोन ठेवला, त्याच दिवशी घेतला."

वारा आला, सोयाबीन सळसळलं. मग तिनं मान वर न करता विचारलं, "माझा नंबर का टाकला?"

हरिओमनं शर्ट खाली ओढला.

"आईचा टाकायचा होता," तो म्हणाला. "पण आई... भूकंपात दोन दिवस ढिगाऱ्याखाली होती माझी आई. आजून कुणी दार आपटलं तरी अंगणात येऊन उभी राहती. तिला असा खोटा निरोप गेला असता तर तिथंच संपली असती. बहिणीचं बी तसंच, लगेच रडारड. मला असं माणूस पाहिजे होतं, जे निरोप वाचून घाबरणार न्हाई. म्हणंल, घड्याळ हाय, चुकलं आसंल. आधी खरं-खोटं बघंल." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "असं एकच माणूस वळखीचं हाय मला. सगळ्या जगात ह्या घड्याळावर तुमच्याइतका अविश्वास कुणाचा न्हाई, मॅडम."

म्हणजे तिनं गाडीत जो अर्थ लावला तो... सगळा तिचाच होता?

ती उठली. "अस्सं. बरोबर आहे. हिशोबानं चांगलं माणूस निवडलंत. येते मी. भाषण अर्धं टाकून आलेय."

"मॅडम, थांबा..."

"ठीक आहे ना सगळं? बघितलं मी."

"वर्षा!" तो खांब सोडून आडवा आला. "मला सांगा... सांग. मी म्हणतो ते खरं असंल, तू घाबरणार नव्हतीस तर... मग आलीस का? भाषण टाकून? अनवाणी?"

तिनं आपल्या चिखलानं माखलेल्या पायांकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं, घड्याळ खोटं बोलतंय," तो हळूच म्हणाला.

"हो."

"तरी आलीस?"

"तरी आले!" ती ओरडलीच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज गावाकडचा झाला होता. "सगळं माहिती असून आले! पुस्तकं पाठ हायत मला! अन् तरी रस्ताभर मला दिसून राहिलं की तू... की तू न्हाईस. अन् मग मला पुढचं काही दिसतच न्हवतं. कळलं? आता हस!"

तो हसला नाही. चारशे किलोचा ट्रान्सफॉर्मर डोक्यावर आल्यासारखा तो जागच्या जागी उभा होता.

"मी अर्धंच सांगितलं मघाशी," शेवटी तो म्हणाला. शब्द एकेक करून, खांबावर पाय रोवत चढावं तसे येत होते. "आईला घाबरवायचं नव्हतं, हे खरं हाय. पण नंबर टाकताना... मला वाटलं, माझं काय बरंवाईट झालंच, तर शेवटचा निरोप तरी तुला जावा. तोंडानं मला कधी जमलं नसतं. तू शिकलेली, मी हा खांबावरचा. रोज फोन ठेवताना म्हणायचं ठरवायचो, अन् रोज 'ठेवू?' म्हणून ठेवायचो."

"काय म्हणायचं ठरवायचास?"

"तुला माहिती हाय की."

"मला अंदाज चालत नाहीत," ती नाक पुसत म्हणाली. "नीट सांग."

चतुराबाईनं गवत उपटायचं थांबवलं.

"माझा लई जीव हाय तुझ्यावर," हरिओम म्हणाला. "लग्न करशील का माझ्याशी?"

ती "हो" म्हणाली का नाही, ते तिला स्वतःलाही नंतर आठवेना, कारण तेवढ्यात गावाच्या बाजूनं एक बाई धावत येत होती. पन्नाशीची, डोक्यावरचा पदर मागं उडालेला, तीही अनवाणी. नीलाबाई. हरिओमची आई. अँब्युलन्स आल्याची बातमी अखेर तिच्यापर्यंत पोचलीच होती. हरिओम पुढं पळाला. तिनं त्याला दोन्ही हातांनी चाचपलं, डोकं, खांदे, हात, जसं काही एखादा तुकडा कमी आहे का ते बघत होती. सगळा आहे म्हटल्यावर एक सणसणीत चापट दिली, आणि मग छातीशी धरलं.

बऱ्याच वेळानं तिचं लक्ष वर्षाराणीकडे गेलं. चिखलानं माखलेले पाय, सुजलेले डोळे, चर्चासत्रासाठी नेसलेली चांगली साडी.

"हिला आधी कळलं होतं, आई," हरिओम खाली मान घालून म्हणाला. "लातूरहून आली."

नीलाबाई तिच्याकडे बघत राहिली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पुढं होऊन आपल्या पदरानं तिचा चेहरा पुसला. "माझ्याआधी तू भेलीस म्हण की," ती म्हणाली. "चल. पाय धू अन् दोन घास खा. उपाशीपोटी भेव लई लागतं."

*

जेवण झालं. केरबालाही बळंच वाढून घातलं. लातूरहून सरांचा फोन आला, पोरगा धडधाकट असल्याचं ऐकून ते इतके मोठ्यानं हसले की अंगणापर्यंत ऐकू आलं. उरलेलं भाषण दुपारच्या सत्रात ठेवलंय म्हणाले, लवकर ये. तिनं हात पुसले, पण उठायच्या आधी फोन पुन्हा हातात घेतला. हरिओम ताट उचलता उचलता थांबला.

"कुणाला?"

"घरी."

गावी, कंधारच्या अलीकडच्या शेतात, तिच्या वडलांनी, किशनरावांनी, फोन उचलला. मागं मोटारीचा आवाज येत होता.

"आप्पा, मी किल्लारीला आलेय. एक माणूस आहे... तुम्ही त्याला भेटावं असं वाटतंय मला."

पलीकडे मोटार बंद झाली.

"कोण हाय?"

"हरिओम नाव आहे. लाईनमन आहे."

"म्हंजे खांबावर चढणारा?"

"हो आप्पा."

एकुलत्या एका लेकीचा बाप होता तो. काय विचारावं, कुठून सुरू करावं, त्याला सुचत नसावं. वर्षाराणीनं हरिओमकडे पाहिलं. तो ताट हातात धरून श्वास रोखून उभा होता, आणि दाराआड नीलाबाईही.

"बाई," शेवटी वडील म्हणाले, "ते पोरगं वरून पडत-बिडत तर न्हाई न्हवं?"

वर्षाराणीला हसूही आलं आणि रडूही.

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "मी स्वतः येऊन बघितलंय."